एमजीएफचं हेड गॅस्केट गेलंय? आधी पाण्याचा हिशेब लावा, मग पाना हातात घ्या

जुनी एमजीएफ, म्हणजे रोव्हरची एमजी नावाची छोटी स्पोर्ट्स कार, घेतली म्हणजे आज ना उद्या हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधल्या सीलचा) विषय निघणारच, हे इकडे इंग्लंडमध्ये विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही, गाडी इतक्या स्वस्तात मिळते ती निम्मी त्याच भीतीपायी. आपल्यातला कोणी नोकरीसाठी इकडे आला, जरा स्थिरावला की दोन सीटची, टप उघडणारी, इंजिन पाठीमागे असलेली गाडी हवीशी वाटतेच आणि खिशाला परवडणारी म्हणजे हीच. त्यामुळे हे सगळं मराठीत एका जागी लिहून ठेवतोय. आणि माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, या गाडीत गॅस्केट शेवटी मरतं, त्याच्या आधी कुठूनतरी पाणी, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट, गेलेलं असतं. ते कुठून गेलं हे न शोधता नुसतं गॅस्केट बदललं तर पुन्हा हेड उतरवायची वेळ येतेच.

सगळ्यात आधी, गाडी चालवत असताना शंका आली तर काय करायचं. हीटर चालू असताना अचानक गार हवा यायला लागली, किंवा टेंपरेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून हलला, किंवा मागून गोडसर वास आणि पांढरी वाफ यायला लागली, तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. घर दोनच मैलांवर आहे म्हणून चालवत नेऊ नका. गॅस्केट ही स्वस्त वस्तू आहे, हेड नाही, आणि त्या दोन मैलांतच गॅस्केटचं काम हेडचं काम होऊन बसतं. काट्यावर पूर्ण भरवसा पण ठेवू नका, कारण सेन्सरला पाण्यात बुडलेलं राहायला लागतं, पाणीच उरलं नाही तर तो नुसती हवा मोजतो आणि काटा शहाण्यासारखा मधे उभा राहतो किंवा चक्क खाली येतो. बंद केल्यावर एक्स्पान्शन टँकचं (कूलंट भरायच्या टाकीचं) झाकण उघडायचं नाही, उकळतं कूलंट अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, ते अ‍ॅल्युमिनियम आहे, वाकतं. रिकव्हरीला फोन करा आणि गाडी ट्रकवर चढवून घरी आणा.

आता हे इंजिन असं का वागतं ते समजून घ्या, कारण पुढचं प्रत्येक काम त्यावरच अवलंबून आहे. एमजीएफ १९९५ ला आली, तिच्यात रोव्हरचं के-सिरीज १.८ लिटर म्हणजे १७९६ सीसी इंजिन आहे, साधं मॉडेल १२० पीएसचं आणि वरचं व्हीव्हीसी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलू शकणारं. हेच इंजिन पहिल्या लोटस इलिसमध्ये आहे, लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये आहे, रोव्हर ७५ मध्ये पण आहे. मुळात के-सिरीज छोटं इंजिन म्हणून बनवलेलं, १९८९ च्या रोव्हर २०० मध्ये १.४ लिटरचं आलं तेव्हा सिलिंडरचा व्यास ७५ मिमी होता, नंतर त्याच ब्लॉकमध्ये बसवून १.८ केलं तेव्हा तो ८० मिमी केला. तेवढ्यासाठी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांच्यात खालीवर होतो त्या सिलिंडरच्या नळ्या, बदलावे लागले. हे लायनर ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेले नाहीत, मधे एक पायरी आहे तिच्यावर नुसते टेकलेले असतात, वरून हेड दाबून धरतं म्हणून जागेवर राहतात. हेड, ब्लॉक, खालची बेअरिंग लॅडर (क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा दांडा, धरणारी चौकट) आणि तिच्याखालची ऑईल रेल (बोल्टांचे आटे जिच्यात बसतात ती पट्टी) हे सगळं दहा लांबलचक बोल्टांनी वरपासून खालपर्यंत एकत्र आवळलेलं आहे. कल्पना फार सुंदर आहे, इंजिन हलकं झालं, त्या काळात भलतंच पुढारलेलं होतं, आणि मी आजही म्हणतो की के-सिरीजला लोक देतात तेवढ्या शिव्या तिच्या वाट्याला यायला नको होत्या. पण हे इंजिन पाण्याच्या बाबतीत एक चूकही पोटात घालत नाही. ब्लॉकच्या आत पाणी कमी मावतं, त्यामुळे थोडंसं गेलं तरी लगेच तापतं.

त्यात एमजीएफमध्ये इंजिन सीटांच्या मागे आणि रेडिएटर गाडीच्या नाकाशी, मधे गाडीच्या पोटाखालून लांब पाइप. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, बसवलाय पंपाकडे पाणी परत येतं त्या बाजूला, इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं त्या बाजूला नाही. म्हणजे थंडीत इंजिन तापलेलं, पुढच्या पाइपांत आणि रेडिएटरमध्ये बर्फासारखं गार पाणी उभं, थर्मोस्टॅट उघडला की ते सगळं गार पाणी एकदम ब्लॉकमध्ये घुसतं, तो पुन्हा मिटतो, पुन्हा तापतं. हेड आणि ब्लॉक असे सारखे आखडत-पसरत राहतात आणि जुन्या गॅस्केटवर जे लाल रबरी मणी असतात, म्हणजे पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी सीलची कड, ती पत्र्यापासून सुटायला लागते. हेड जागेवर धरायला सुरुवातीच्या इंजिनांत प्लास्टिकचे डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना) होते, त्यामुळे हेड किंचित सरकायला वाव मिळायचा, नंतर स्टीलचे आले. रोव्हरने पुढे प्रेशरवर उघडणारा वेगळा थर्मोस्टॅट पण काढला.

बरं, आता खरंच गॅस्केटच गेलंय का ते बघायचं. ऑईलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर दिसला की लोक लगेच हाय खातात, पण इंग्लंडच्या हिवाळ्यात नुसतं दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तो साध्या दमटपणाने पण धरतो. तो पुसून टाका, गाडी चांगली तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवा, अर्थात पाण्याची पातळी ठीक असेल तरच, आणि मग पुन्हा बघा. डिपस्टिकवर पण तसंच दिसत असेल, किंवा एक्स्पान्शन टँकमध्ये तपकिरी चिकट गाळ असेल तर मात्र विषय गंभीर आहे. सकाळी गार इंजिन चालू केल्या केल्या मिनिटभरात वरचा होज हाताला टणक लागला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. खात्री करायला ब्लॉक टेस्टर आणा, मोटर फॅक्टरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, निळं द्रव भरलेली नळी टँकच्या तोंडावर धरायची आणि रबरी फुग्याने आतली हवा त्यातून ओढायची. निळ्याचं हिरवं होत होत पिवळं झालं की ज्वलनाचा गॅस पाण्यात आहे, यात वाद नाही. उलट निळंच राहिलं म्हणून सुटलात असं नाही, कारण के-सिरीजमध्ये बऱ्याचदा सिलिंडरची सील शाबूत असते आणि तेल-पाणी यांच्यामधलीच गेलेली असते.

आणि हे नक्की करा, हेडला हात लावायच्या आधी इनलेट मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाचं) गॅस्केट तपासा. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये पाण्याचा मार्ग आहे, त्याचं रबर कडक झालं की तिथून पाणी थेंब थेंब जातं, कधी ब्लॉकवर ओघळतं, कधी आत ओढलं जाऊन जळून जातं आणि जमिनीवर एक डाग पडत नाही. लोक म्हणतात पाणी कमी होतंय, बाहेर गळत नाहीये, म्हणजे हेड गॅस्केट, आणि उगाच हेड उतरवतात. तो रबराचा तुकडा चहा-बिस्किटाच्या पैशात येतो. मग टँकचं झाकण, ते प्रेशर धरेनासं झालं की पाणी उडून जातं. मग गाडीच्या पोटाखालचे पाइप, स्टीलचे असतील तर गंजून भोकं पडतात, विशेषतः क्लिपा जिथे धरतात तिथे, कारण इकडे रस्त्यावर मीठ टाकतात. मग रेडिएटर आणि वॉटर पंप. दुकानातून प्रेशर टेस्टर भाड्याने आणा, गार इंजिनावर पंप मारून ठेवा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. या कामाला वेळ द्या, इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

बाटलीतलं सीलर ओतून गॅस्केट बुजवायचा विचार मनात असेल तर सोडून द्या. ते हीटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतं, रेडिएटरमध्ये बसतं, आणि आधीच नाजूक असलेली पाण्याची व्यवस्था कायमची बिघडवतं.

काम स्वतः करायचं का? टॉर्क रेंच वापरलेला असेल, टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांना जोडणारा पट्टा) पूर्वी कधी बदललेला असेल, छप्पर असलेली जागा असेल आणि मधे गाडी आठवडाभर अडकून पडली तरी चालणार असेल तर जरूर करा. नसेल तर के-सिरीज माहीत असलेला मेकॅनिक शोधा, आणि त्याला एकच प्रश्न विचारा, लायनरची उंची मोजणार का? जो म्हणतो त्याची गरज नाही, त्याच्याकडे गाडी देऊ नका.

गाडी उचलताना जॅक फक्त ठरलेल्या जागीच लावायचा, पोटाखालच्या पाइपांवर चुकूनही नाही, आणि स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. एमजीएफच्या सस्पेन्शनमध्ये हायड्रागॅस आहे, प्रेशरखालचं द्रव असतं, त्याच्या पाइपांना हात लावायचं कारण नाही. बॅटरी काढा, टप मागून मोकळा करून पुढे घ्या, सीटांच्या मागचं इंजिनचं झाकण काढा, बूटमधलं (डिकीतलं) पण काढा, तेव्हा कुठे हात जायला जागा होते. कूलंट रुंद भांड्यात काढा आणि ते लगेच झाकून ठेवा, ते चवीला गोड लागतं आणि विषारी आहे, शेजारची मांजर-कुत्री पितात. नंतर कौन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला नेऊन द्या, गटारात नको.

प्रत्येक प्लग, होज, वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. मग क्रँक टायमिंगच्या खुणेवर आणा. के-सिरीजची ही खूण पिस्टन वरच्या टोकाला असतानाची नाहीये, त्याच्या ९० अंश आधीची आहे, म्हणजे चारही पिस्टन मधोमध उभे राहतात आणि कॅम चुकून फिरला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाही. दोन्ही कॅम पुलीच्या खुणा समोरासमोर आल्या की मधे लॉकिंग टूल घाला, मगच बेल्ट काढा. व्हीव्हीसी असेल तर दुसऱ्या टोकाला एक छोटा बेल्ट अजून आहे, तो विसरू नका. जुना बेल्ट परत घालायचा नाही. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप नवीनच, इतकं सगळं उघडल्यावर पंप जुना ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीचं काम आजच ठरवून ठेवणं.

हेडचे दहा बोल्ट बाहेरून मधे अशा क्रमाने, थोडे थोडे, सगळे सारखे सैल करत जायचे. हेड चिकटून बसलेलं असतं, ते उपटू नका आणि जोडात स्क्रूड्रायव्हर घालून तर अजिबात उचकटू नका, ओरखडा पडला की गेलं. बाजूंनी धरून हलकेच डोलवा, सील सुटल्याचं हाताला कळतं, मग सरळ वर उचला, दुसरा माणूस हवाच. आणि हेड निघालं त्या क्षणापासून क्रँक फिरवायचा नाही. लायनर आता मोकळे आहेत, पिस्टन वर आला की लायनरला घेऊन वर येतो, बुडाची सील तुटते आणि पाणी संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरायला वाट होते. लायनर दाबून धरणारे क्लॅम्प मिळतात, नाहीतर जुने बोल्ट, पाइपचे तुकडे आणि मोठे वॉशर यांनी पण दाबता येतात, पण दाबून ठेवाच.

जुनं गॅस्केट फेकू नका, उजेडात धरून नीट बघा. लाल कड कुठे सुटलीये, कुठे फुगून मऊ पडलीये, कुठे तेलाचा काळा माग पाण्याच्या भोकापर्यंत गेलाय, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. प्लास्टिकचे डॉवेल वितळलेले किंवा चपटे झालेले दिसले तर समजा की इंजिन सणकून तापलं होतं, मग हेडची कसून तपासणी व्हायलाच हवी.

आता लायनर. माझ्या मते सगळ्या कामातला हाच निर्णायक भाग आहे. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग आणि लायनरच्या कडा प्लास्टिकच्या स्क्रेपरने स्वच्छ करा, सँडपेपर किंवा फिरती डिस्क नको, त्याची भुकटी तेलात जाते आणि बेअरिंग खाते. मग स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आडवी धरा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला, डायल गेज असेल तर फारच छान. प्रत्येक लायनर तीन-चार ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहा. लायनर ब्लॉकच्या किंचित वर असायला हवा, आणि चारही जवळजवळ सारखे. एखादा ब्लॉकच्या पातळीखाली गेलेला असेल तर कितीही भारी गॅस्केट घाला, त्या सिलिंडरवर दाब येणारच नाही. तेव्हा दोनच रस्ते, इंजिन खाली उतरवून लायनर नीट बसवून घ्यायचे किंवा दुसरं इंजिन बघायचं. इथे मन घट्ट करून थांबावं लागतं, मला माहितीये ते किती जड जातं.

हेड मशीन शॉपला द्या. त्यांना दोन गोष्टी सांगा, सपाटपणा बघा आणि कडकपणा बघा. वाक ०.०५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि घासून घेताना सगळं मिळून ०.२० मिमीपेक्षा जास्त काढायचं नाही, नवीन हेडची उंची साधारण ११९ मिमी असते, त्यावरून पूर्वी कोणी किती घासलंय ते कळतं. सणकून तापलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं, मग लायनरच्या कडा हेडमध्ये रुततात, नखाने चाचपलं तर गोल खाच लागते. मऊ पडलेलं हेड घासून उपयोग नाही, काही महिन्यांत पुन्हा रुततं. भेगांसाठी प्रेशर टेस्ट पण करून घ्या.

गॅस्केट कुठलं घालायचं यावर लोक तावातावाने भांडतात. एक म्हणजे जुन्याच पद्धतीचं, पण सुधारलेल्या मण्यांचं. दुसरं एमएलएस, म्हणजे स्टीलच्या अनेक थरांचं, सोबत एक पातळ शिम (पत्रा) येते ती हेडच्या बाजूला बसते आणि लायनरला हेडमध्ये रुतू देत नाही. लायनर नीट उंच असतील आणि हेड कडक असेल तर दोन्हींपैकी कुठलंही टिकतं असं मला वाटतं, हेडवर थोड्या खुणा असतील तर शिमवालं घ्या. डॉवेल स्टीलचेच. दणकट ऑईल रेल आणि जास्त ताकदीचे बोल्ट असा संच पण मिळतो, संप काढायची तयारी असेल तर तो घालावा.

बोल्ट नवीनच घ्या. आट्यांना आणि डोक्याखाली हलकं तेल लावा, भोकात तेल-पाणी साचलेलं नको. हेड सरळ खाली ठेवा, बोल्ट टाकू नका, हाताने सोडा आणि हातानेच आटे धरू द्या. मधल्या बोल्टापासून गोल गोल बाहेर जात सगळे २० न्यूटन मीटरला. मग प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या पेनाने एकाच दिशेला रेघ मारा आणि त्याच क्रमाने प्रत्येक १८० अंश फिरवा, म्हणजे रेघ बरोबर उलट्या दिशेला. मग त्याच क्रमाने अजून १८०, रेघ पुन्हा मूळ जागी. पहिली फेरी सहज जाते, दुसरीत बोल्ट ताणला जातोय ते हाताला कळतं, कधी करकरतो पण, आणि वाटतं आता तुटणार. लांब ब्रेकर बार घ्या, एका संथ ओढीत अर्धा फेरा पूर्ण करा, मधेच थांबून झटके देऊ नका. बोल्ट लांब आहेत, ते ताणले जाण्यासाठीच बनवलेत. मात्र एखादा अचानक हलका फिरायला लागला तर थांबा, आटे सुटलेत.

बेल्ट बसवला की लॉकिंग टूल काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. जुळल्या नाहीत तर पुन्हा काढून बसवा, स्टार्टर मारून बघू असं करू नका.

आता पाणी भरणं, आणि कित्येक चांगली कामं नेमकी इथेच माती खातात. अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं, पाणी शक्यतो डीआयोनाइज्ड. सुरुवातीच्या गाड्यांत निळं, नंतरच्यांत नारिंगी ओएटी प्रकारचं, दोन्ही मिसळायची नाहीत, बदलायचं असेल तर आधी सगळी व्यवस्था साध्या पाण्याने धुऊन काढा. हवा काढायच्या जागा तीन, रेडिएटरवर, पुढे बॉनेटखाली हीटरच्या पाइपवर आणि इंजिनजवळच्या पाइपवर. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, टँकमधून हळूहळू ओता, प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबून सलग धार लागली की मगच तो स्क्रू बंद करा. मधे मधे जाड होज हाताने दाबत राहा. मग इंजिन चालू करून हीटरच्या हवेवर लक्ष ठेवा, ती गरम यायला हवी, आणि पुढच्या रेडिएटरला हात लावून बघा, थर्मोस्टॅट उघडल्यावर तो तापायलाच हवा. पुढचा पंखा स्वतःहून चालू होऊन बंद होईपर्यंत गाडी सोडून चहाला जाऊ नका.

जाता जाता, पुणेकरांना बरं वाटेल म्हणून, एमजीएफ जिथे बनली त्या बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिज कारखान्याच्या एमजी रोव्हरने २००३ मध्ये सिटीरोव्हर नावाने जी गाडी विकली ती पुण्यात बनलेली टाटा इंडिकाच होती. कंपनी एप्रिल २००५ मध्ये बंद पडली, तरी या गाड्यांचे बहुतेक पार्ट आजही इकडे सहज मिळतात ते केवळ वेड्यासारखं प्रेम करणाऱ्या मालकांमुळे.

पहिल्या ऑईलवर फार चालवू नका. आतमध्ये कूलंट गेलं असेल तर स्वस्तातलं ऑईल आणि फिल्टर घालून थोडं फिरवून काढा, ते दुधाळ निघालं तर पुन्हा एकदा, मग चांगलं घाला. पहिले काही आठवडे रोज सकाळी गार इंजिनावर टँकची पातळी बघा, किंचित उतरली तर अडकलेली हवा बाहेर आली असं समजून भरा, पण रोज उतरत असेल तर परत प्रेशर टेस्टर लावा. आणि टँकमध्ये बसणारा कमी पाण्याचा अलार्म बसवून घ्या, पातळी खाली गेली की डॅशबोर्डवर लगेच वाजतो, काट्याची वाट बघावी लागत नाही. वायर पुढे नेताना इंजिनच्या गरम भागापासून लांब ठेवा आणि फ्यूज लावायला विसरू नका.